बसल्यावर ऑक्सिजन उतरतो, आडवे झाल्यावर वाढतो: असे का होते?

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आशाताईंसोबत पल्स ऑक्सिमीटर हिंगोली जिल्ह्यातल्या वाडी-तांड्यांवर पोचला. आता तो बऱ्याच घरांत असतो. समजा, तुमच्या वडिलांचे रीडिंग झोपल्यावर ९५ आणि उठून बसल्यावर ८६ येते. आधी मशीनवर शंका घ्या. बोट थंड असणे, हात हलणे, नखावर नेलपॉलिश किंवा मेंदी असणे, यामुळे आकडा चुकू शकतो. पण दरवेळी असाच फरक येत असेल तर दोष मशीनचा नाही.

हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला सहसा झोपल्यावर धाप लागते आणि बसल्यावर बरे वाटते. आम्हा डॉक्टरांनाही तेच ऐकायची सवय असते. म्हणून उलटी तक्रार आली की तिला अशक्तपणा किंवा घबराट म्हणून सोडून दिले जाते. या उलट्या प्रकाराचे नाव प्लॅटिप्निया-ऑर्थोडिऑक्सिया. तो दुर्मिळ आहे, पण त्यामागची कारणे शोधण्यासारखी आहेत.

पहिले कारण हृदयात असते. वरच्या दोन कप्प्यांमधले जन्माआधीचे छिद्र साधारण चारपैकी एका माणसात पूर्ण बुजत नाही. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर त्रास होत नाही. मात्र उतारवयात महाधमनी फुगली, पाठीला बाक आला किंवा एक फुप्फुस काढावे लागले, तर हृदयाची ठेवण बदलते. मग उभे राहताच अशुद्ध रक्त त्या छिद्रातून थेट शुद्ध रक्तात मिसळते. वरून दिलेल्या ऑक्सिजनने आकडा फारसा वाढत नाही, ही महत्त्वाची खूण.

दुसरे कारण यकृताचे. सिरोसिसमध्ये फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, विशेषतः खालच्या भागात. बसल्यावर रक्त तिकडे ओढले जाते आणि पुरेसा ऑक्सिजन न घेताच पुढे जाते. पोटात पाणी झालेल्यांना बहुधा झोपल्यावर दम लागतो. सिरोसिसच्या रुग्णाला बसल्यावर लागत असेल तर मुद्दाम सांगा.

तिसरे कारण फुप्फुसातल्या धमनी आणि शिरेचा जन्मजात थेट जोड. वारंवार घोळणा फुटणे, ओठ-जिभेवर लाल ठिपके, घरात आणखी कुणाला तसेच, हे विचारले पाहिजे. या जोडातून गुठळी किंवा जंतू मेंदूपर्यंत जाऊ शकतात. न्यूमोनिया किंवा फायब्रोसिस फुप्फुसांच्या तळाशी असेल तरी आकडा असा बदलतो.

घरी तपासायचे तर दहा मिनिटे आडवे होऊन आकडा लिहा. मग बसून पाच मिनिटांनी, त्याच बोटावर, पुन्हा पाहा. पाच किंवा जास्त अंकांची घट पुन्हा पुन्हा येत असेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. चक्कर येत असेल, ओठ निळे पडले असतील किंवा झोपूनही आकडा ९० च्या खाली असेल, तर प्रयोग करत बसू नका. १०८ ला फोन करा.

साध्या इकोत हे छिद्र निसटू शकते. शिरेतून सलाईनचे बुडबुडे सोडून केलेला 'बबल इको' उपयोगी पडतो. तो कार्डिओलॉजिस्टकडे होतो आणि त्यासाठी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागू शकते. बुडबुडे डाव्या बाजूला लगेच दिसले तर छिद्र हृदयात, काही ठोक्यांनी दिसले तर वाट फुप्फुसातून. छिद्र मांडीच्या शिरेतून नेलेल्या उपकरणाने बुजवता येते, फुप्फुसातला जोड तारेच्या कॉइलने बंद करता येतो. यकृताच्या कारणावर मात्र प्रत्यारोपण हाच खरा इलाज.

निदान झाले असेल तर कुठेही सलाईन लावताना नर्सना आधी सांगा, नळीत हवा राहू देऊ नका. इतरांना न बाधणारा बुडबुडा या रुग्णात मेंदूपर्यंत जाऊ शकतो.