कोंडवाडा : गुरांच्या भुकेचा सरकारी हिशेब

१/
गावाच्या कडेला चार भिंती, एक फाटक, आत पाण्याची सोय आणि मालकाची वाट पाहणारी गुरे. सरकारच्या देखरेखीखाली जनावरे ठेवण्याची जी व्यवस्था महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत सर्वांत दूरवर पोहोचली, ती हीच : कोंडवाडा. वर्षभरात त्यात किती जनावरे आली, किती सुटली, किती विकली गेली, याची नोंद ठेवणे कायद्याने बंधनकारक होते. ती नोंद नेमके काय मोजत होती, आणि काय मोजत नव्हती, हे समजून घेण्यासाठी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यासारखी दुसरी जागा नाही.

२/
साक्री हा दोन जगांचा तालुका आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये त्याचे नाव पिंपळनेर असे येते. पुढे मुख्य ठाणे साक्रीस आले. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, तेव्हा हा भाग पश्चिम खानदेशात गेला. पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे, जंगल आणि भिल्ल, कोकणा, मावची लोकांची वस्ती. पूर्वेस पांझरा आणि कान या नद्यांच्या काठची बागायत. माळरानावर मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणारे ठेलारी. शेत, जंगल आणि कुरण इतक्या जवळ असले, की गुरे एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जाणारच. प्रश्न एवढाच उरतो, की गेल्यावर काय करायचे.

३/
या प्रश्नाला पांझराकाठचे एक जुने उत्तर होते. ते फड पद्धतीत सापडते. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन मोठमोठ्या फडांत विभागलेली आणि एका फडात सर्वांचे मिळून एकच पीक. पाणी वाटण्यासाठी पाटकरी, देखरेखीसाठी हवालदार आणि पिकाची राखण करण्यासाठी जागल्या. ही माणसे शेतकऱ्यांनीच नेमलेली. फडात गुरे शिरू नयेत हे पाहणे जागल्याचे काम. म्हणजे नुकसान होण्याआधीच ते टाळण्यासाठी माणूस ठेवलेला असे, आणि त्याचा भार सर्वांनी मिळून उचललेला असे.

४/
इंग्रजी राज्याने दुसरा मार्ग धरला. गुरांच्या अतिक्रमणाचा पहिला कायदा १८५७ साली झाला. त्याची जागा १८७१ च्या पहिल्या क्रमांकाच्या कायद्याने घेतली. तोच ‘कॅटल ट्रेसपास ॲक्ट’. इंग्लंडच्या खेड्यांत भटकी गुरे कोंडण्याची प्रथा जुनी होती. तिला येथे सबंध देशासाठी दंडाचे, नोंदवहीचे आणि लिलावाचे रूप मिळाले. जागल्या गुरे हाकलून देई. कोंडवाडा ती ताब्यात घेई.

५/
जनावर आत कसे येई? पिकाचे नुकसान करताना ते सापडले, तर शेताचा मालक किंवा कसणारा ते धरू शके, आणि चोवीस तासांच्या आत त्याने ते कोंडवाड्यात पोहोचते करायचे. रस्ता, कालवा, बांध, सार्वजनिक लागवड यांची नासधूस होत असेल, तर पोलीस आणि संबंधित नोकर ते धरीत. राखणदाराने वहीत लिहायचे : जनावरांची संख्या व वर्णन, आणल्याचा दिवस आणि वेळ, धरणाऱ्याचे नाव-गाव, मालक माहीत असल्यास त्याचेही नाव-गाव. या नोंदीची नक्कल धरणाऱ्यास द्यायची. मग जनावर ताब्यात घ्यायचे आणि सुटेपर्यंत त्याला खाऊ घालायचे.

६/
दंडाचे मूळ दर वाचण्यासारखे आहेत. हत्तीला २ रुपये. उंट किंवा म्हशीला ८ आणे. घोडा, खेचर, बैल, गाय यांना ४ आणे. वासरू, गाढव, डुक्कर यांना २ आणे. मेंढी, शेळी, कोकरू, करडू यांना १ आणा. दंड नुकसानीवर नव्हता. तो डोक्यामागे होता. जनावराने चार कणसे खाल्ली काय किंवा अर्धे शेत खाल्ले काय, आकडा तोच. या दंडाशिवाय चारापाण्याचा खर्च वेगळा, आणि त्याचे दर जिल्हा मॅजिस्ट्रेट ठरवी. मालक जितके दिवस उशिरा येई, तितकी रक्कम वाढत जाई.

७/
बाहेर पडण्याचे मार्ग कायद्याने आखून दिले होते. पहिला : मालकाने दंड आणि खर्च भरून जनावर सोडवून न्यावे. दुसरा : मालक आला, पण पैसे देईना, तर दंड व खर्च वसूल होईल इतकी गुरे विकावीत आणि उरलेली गुरे व उरलेला पैसा हिशेबासह त्याला परत करावा. तिसरा : सात दिवसांत कोणीच आले नाही, तर पोलीस ठाण्यास कळवावे, मग नोटीस लावावी, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटावी. त्यानंतरही सात दिवसांत कोणी फिरकले नाही, तर जाहीर लिलाव.

८/
चौथा मार्ग या यादीत नव्हता : मरण. जनावराला चारा द्यावा असे कायदा सांगे. पण ते आजारी, जखमी किंवा म्हातारे असेल तर पुढे काय, याविषयी तो काहीच बोलत नाही. औषधोपचार हा शब्द त्यात नाही. कोंडवाड्याची रचनाच पिकाच्या रक्षणासाठी होती. जनावर हे तेथे ठेव म्हणून येई. दंड वसूल होईपर्यंतचे तारण म्हणून राही.

९/
कायदा करणाऱ्यांना गैरव्यवहाराचा अंदाज मात्र पुरेपूर होता. राखणदाराने किंवा पोलिसाने लिलावात स्वतः अथवा दुसऱ्याच्या आडून जनावर विकत घेऊ नये, असे स्पष्ट कलम आहे. कायद्यात सांगितल्याखेरीज जनावर सोडू नये, हेही बजावले आहे. ज्या ठिकाणी एक माणूस जनावर धरतो, दुसरा वही लिहितो आणि तिसरा बोली लावतो, तेथे हे तिघे आतून एकच असण्याचा धोका कायद्याच्या मसुद्यातच मान्य केलेला दिसतो.

१०/
पैसा कोठे जाई? या कायद्यानुसार आधी राखणदारांचे पगार, मग कोंडवाड्यांचे बांधकाम व दुरुस्ती, आणि शिल्लक राहील ती रस्ते, पूल व लोकोपयोगी कामांसाठी. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत ‘लोकल फंड’ या शीर्षकाखाली जे उत्पन्न दिलेले आहे, त्यात तरीचा फंड, टोलचा फंड, धर्मशाळांचा फंड, शाळा-फीचा फंड यांच्याच ओळीत कोंडवाड्याचा फंड आहे. नदी ओलांडणारा उतारू आणि बांध ओलांडणारी म्हैस, दोघेही एकाच पानावर उत्पन्नाची बाब.

११/
येथे या व्यवस्थेचा कस लागतो. जेव्हा संस्थेचा खर्च तिच्याच दंडातून निघतो आणि शिल्लक पुलांवर खर्च होते, तेव्हा तिचे चांगले वर्ष कोणते? कमी गुरे आली ते, की जास्त आली ते? फडाच्या जागल्याचे वर्ष चांगले तेव्हा, जेव्हा काहीच घडले नाही. कोंडवाड्याच्या वहीत मात्र काहीच न घडलेले वर्ष हे तुटीचे वर्ष ठरे.

१२/
अन्यायाविरुद्ध दाद होती. जनावर बेकायदा धरले गेले असे वाटल्यास दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येई, आणि ती खरी ठरल्यास १०० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शके. उलट बाजूस, जनावर धरण्यास बळाने विरोध केला किंवा ते सोडवून नेले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अक्षरओळख नसलेल्या, रानात वस्ती असलेल्या गुराख्यासाठी दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटपर्यंत पोहोचणे आणि तोवर कामाचा बैल कोंडलेला ठेवणे, यांपैकी काहीच परवडणारे नव्हते. मुकाट्याने पैसे भरणे हाच व्यवहार्य मार्ग उरे.

१३/
मग जंगलाचा प्रश्न आला. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी कडक होत गेल्या. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने, राखीव जंगलात शिरलेले गुरू म्हणजे सार्वजनिक लागवडीचे नुकसान करणारे गुरू, असे मानले. म्हणजे कोंडवाड्याची वाट आता शेतातूनच नव्हे, तर रानातूनही जाऊ लागली. शिवाय दंड वाढवण्याची मुभा मिळाली : हत्तीला १० रुपयांपर्यंत, म्हशीला २ रुपये, बैल-गाईला १ रुपया, आणि वासरू, मेंढी, शेळी यांना ८ आणे.

१४/
हे दर जुन्या दरांशेजारी ठेवून पाहावेत. बैलाचा दंड चौपट झाला, शेळी-मेंढीचा आठपट. ५० मेंढ्यांचा कळप १८७१ च्या मूळ दराने ५० आणे, म्हणजे ३ रुपये २ आणे भरून सुटे. जंगलाच्या कमाल दराने त्याच कळपाचे २५ रुपये होत. प्रमाणात सर्वांत जास्त वाढ ज्या जनावराच्या दंडात झाली, ते गरिबाचे जनावर होते. ठेलाऱ्यांसारख्या मेंढपाळांसाठी आणि डोंगरातील शेळ्या राखणाऱ्या कुटुंबांसाठी या वाढीचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

१५/
हे दुखणे फार पूर्वीच ओळखले गेले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, जंगल खात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने गिळल्यामुळे शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना जागाच उरली नाही, ही तक्रार मांडली आहे. १९३० साली महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह उभे राहिले. जुलैमध्ये पुसद येथे बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला; सप्टेंबरमध्ये उरणजवळच्या चिरनेर येथे गोळीबार होऊन माणसे मेली. मिठाचा सत्याग्रह समुद्राकाठचा होता. डोंगराकाठी त्याची जागा गवताच्या पेंढीने घेतली.

१६/
याच काळात जनावरांसाठी दुसरी एक संस्था उभी होती, आणि तिचा उगम अगदी उलट्या टोकाचा होता. मुंबईत १८३२ साली भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई, मोतीचंद अमीचंद आदी व्यापाऱ्यांनी पांजरापोळ स्थापन केले. तेथे म्हातारी, लंगडी, निरुपयोगी जनावरे मरेपर्यंत सांभाळली जात. पांजरापोळात जनावराला काम नसले तरी जागा होती. कोंडवाड्यात जनावराला किंमत असेल तोवरच जागा होती. एकाचा खर्च देणग्यांतून निघे, दुसऱ्याचा दंडातून.

१७/
दोहोंमधली पोकळी दुष्काळात उघडी पडे. १८९९-१९०० चा दुष्काळ, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला ‘छप्पन्या’, गुजरात आणि खानदेश या दोन्ही भागांत गुरांसाठी काळ ठरला. अशा वर्षी दंड आणि चाऱ्याचा खर्च जनावराच्या किमतीहून जड होतो. सोडवायला मालक येत नाही आणि लिलावात गिऱ्हाईक येत नाही. चौदा दिवसांची मुदत, नोटीस आणि दवंडी ही सारी रचना बाजार चालू आहे असे गृहीत धरून केलेली होती. सामूहिक चारा-छावणीची कल्पना, जी पुढे १९७२ च्या आणि नंतरच्या दुष्काळांत महाराष्ट्राच्या ओळखीची झाली, ती या पोकळीचे उत्तर होय : आधी जनावर जगवा, हिशेब नंतर.

१८/
स्वातंत्र्यानंतर कोंडवाडा गावाकडे आला. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने कोंडवाडे स्थापण्याचा व राखणदार नेमण्याचा अधिकार पंचायतींना दिला. चौकट मात्र तीच राहिली : धरा, कोंडा, दंड घ्या, न आल्यास विका. भोवतालचे कायदे तेवढे बदलत गेले. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराई आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापर यांना हक्क म्हणून मान्यता दिली. ज्या कृतीला पूर्वी अतिक्रमण म्हणत, तिला आता काही अटींवर हक्क म्हणता येते.

१९/
२०१५ साली राज्यात गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. कोंडवाड्याचा शेवटचा मार्ग लिलाव हाच असल्याने एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला : नांगराला न चालणाऱ्या बैलावर बोली कोण लावणार? १८७१ च्या चौकटीत याचे उत्तर नाही, कारण त्या चौकटीत प्रत्येक जनावराला शेवटी गिऱ्हाईक मिळतेच असे धरलेले आहे. उत्तर पांजरापोळ आणि गोशाळा यांच्याकडे ढकलले जाते. म्हणजे एकोणिसाव्या शतकात वेगळ्या झालेल्या दोन वाटा पुन्हा एकमेकींना भेटतात.

२०/
अनेक गावांत कोंडवाडा आता पडक्या भिंतींपुरता उरला आहे. शब्द मात्र टिकला. दया पवार यांनी १९७४ साली आपल्या कवितासंग्रहाला ‘कोंडवाडा’ हे नाव दिले, तेव्हा जातीने कोंडलेल्या माणसांसाठी त्यांना याहून नेमका शब्द शोधावा लागला नाही. स्वतःचा गुन्हा नसताना आत टाकले जाणे आणि सुटकेची किंमत दुसऱ्याने ठरवणे, हा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नव्हता.

२१/
आज साक्रीत नगरपंचायत आहे, रस्त्यावरची मोकाट जनावरे हा सर्वच शहरांचा वाद आहे, आणि निवारे उभारण्याची मागणी पुन्हा होते आहे. अशा निवाऱ्याचा वार्षिक अहवाल वाचताना जुन्या वहीची आठवण ठेवावी. किती धरली आणि किती रक्कम जमली, हे दोन रकाने इंग्रजी अमदानीतही होते. किती आजारी आली, किती बरी झाली, किती मेली, आणि कितींना मुळात चरायला जागाच नव्हती, हे रकाने तेव्हा नव्हते. पांझराकाठच्या जागल्याला मात्र वहीची गरज नव्हती. गुरू फडात शिरण्यापूर्वीच तो बांधावर उभा असे.