संगणक सुरू होतानाच्या तक्रारी आणि त्यांना घातलेला बांध

१/ संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावरून झरझर सरकणाऱ्या ओळी सहसा कोणी वाचत नाही. मात्र हार्डवेअरमध्ये बिघाड असेल, तर त्याची पहिली वर्दी बहुधा त्याच ओळींत असते. ती गोंगाटात हरवू नये, यासाठी झालेल्या खटपटीचा हा इतिहास.

२/ १९७९ च्या सुमारास बर्कली येथील थ्रीबीएसडी या युनिक्स आवृत्तीत 'डीमेसेज' ही आज्ञा आली. कर्नल आपले निरोप स्मृतीतील एका ठरावीक जागेत लिही आणि ही आज्ञा ते वाचून दाखवी. जागा भरली की जुन्या ओळींवर नव्या ओळी चढत. रहाटगाडग्यासारखी ही रचना लिनक्समध्ये आजही आहे. त्यामुळे एकच तक्रार हजारो वेळा उमटली, तर आधीचा पुरावाच पुसला जातो.

३/ १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी 'सेंडमेल'साठी 'सिसलॉग' घडवले. या परंपरेत निरोपांच्या आठ पातळ्या रूढ झाल्या: ० म्हणजे यंत्रणा निकामी, ७ म्हणजे केवळ तपासणीचा तपशील. लिनक्सनेही हीच उतरंड स्वीकारली. सुरुवातीला 'क्वायट' हा पर्याय दिला, की सर्वसाधारणपणे ० ते ३ पातळीचेच निरोप पडद्यावर येतात. उरलेले स्मृतीत राहतात.

४/ परंतु पातळी ठरवल्याने निरोपांची संख्या घटत नाही. २००६ साली लिनक्समध्ये पीसीआय एक्सप्रेसच्या त्रुटी नोंदवणारी 'एईआर' व्यवस्था आली. यातील 'दुरुस्त झालेली' त्रुटी निरुपद्रवी असते: खराब पोहोचलेले पाकीट हार्डवेअर स्वतःच पुन्हा मागवून घेते, माहिती हरवत नाही. तरीही प्रत्येक वेळी नोंद होई. पुढे काही लॅपटॉपांवर या ओळींचा असा पूर आला, की नोंदींच्या फायलींनी डिस्क भरू लागल्या.

५/ सिरियल कन्सोल जोडलेल्या सर्व्हरवर तर वेळही खर्ची पडे. सेकंदाला १,१५,२०० बिट म्हणजे सुमारे ११,५२० अक्षरे. ८० अक्षरांच्या हजार ओळी छापायला जवळपास ७ सेकंद लागतात, आणि तेवढा काळ यंत्राची सुरुवात रखडू शकते.

६/ त्रासलेल्यांनी 'नोएईआर' हा पर्याय जवळ केला. ओळी थांबल्या, पण त्यांबरोबर एईआरची गंभीर वर्दीही थांबली. भुंकण्याचा त्रास होतो म्हणून राखणीचा कुत्राच हाकलून द्यावा, तसा हा उपाय होता.

७/ नेमका तोडगा दोन टप्प्यांत आला. २०१८ च्या ४.१९ आवृत्तीत प्रत्येक उपकरणाच्या त्रुटींचे स्वतंत्र मोजमाप सुरू झाले. ठरावीक वेळात ठरावीकच ओळी छापण्याचा बांध कर्नलमध्ये इतरत्र पूर्वीपासून होता; २०२५ च्या ६.१६ आवृत्तीत तो एईआरलाही लागू झाला. दुरुस्त झालेल्या आणि प्राणघातक नसलेल्या त्रुटींसाठी मूळ मर्यादा ५ सेकंदांत १० ची; प्राणघातक त्रुटींना मर्यादा नाही.

८/ त्रुटी मोजणे आणि त्रुटी सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मान्य व्हायला इतकी वर्षे लागली. आता किरकोळ तक्रार हजारदा झाली तरी तिची मोजदाद पूर्ण राहते, आणि मोठ्या बिघाडाची एकच ओळ असली तरी ती पुरात वाहून जाण्याचा धोका कमी झाला आहे.