फरसबंदी, विटांची
घराचे अंगण, पायवाट अथवा वाहनमार्ग यांच्या पृष्ठभागावर विटा बसवून तो टणक व चिखलमुक्त करण्याची पद्धती. हिची प्राचीन उदाहरणे सिंधू संस्कृतीत आढळतात. मोहें-जो-दडो येथील महास्नानगृहाच्या (इ. स. पू. सु. २५००) तळाशी भाजक्या विटा कडेवर उभ्या बसवून सांधे जिप्समाच्या लुकणाने बंद केले होते. रोमन लोक लहान विटा मत्स्यकंटकाकृती रचनेत बसवीत. नेदर्लंड्समध्ये अतिभाजित कठीण विटांचे रस्ते रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे विटांची टंचाई पडली आणि त्यांच्याच आकाराचे काँक्रीटचे ठोकळे पुढे आले. भारतात आज प्रचलित असलेले ‘पेव्हर ब्लॉक’ याच परंपरेतील होत.

खानदेशात मात्र ही पद्धती घरगुती बांधकामात फारशी रुजली नाही. वरणगाव (ता. भुसावळ, जि. जळगाव) हे तापी खोऱ्यातील गाव याचे उदाहरण म्हणून घेता येईल. या भागात जुनी घरे धाब्याची असत. भिंतींना व धाब्याला पांढरी माती आणि अंगणाला शेणसडा, अशी सामान्य रीत होती. ऐपतदाराच्या ओट्याला घडीव काळा दगड बसे. येथून जवळच असलेल्या बऱ्हाणपूर या फारुकी व पुढे मोगल सत्तेच्या केंद्रात पातळ लखोरी विटा व चुना यांचा वापर विपुल होता. पण तो राजवाडे, मशिदी व जलव्यवस्था यांपुरता. सामान्यांच्या अंगणापर्यंत तो पोहोचला नाही.

याचे कारण केवळ दारिद्र्य मानणे बरोबर नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. तिची वीट सुकताना तडकते आणि तिच्यावर थेट घातलेली फरसबंदी एक-दोन पावसाळ्यांतच खालीवर होते. विटेस नदीकाठची गाळवट माती लागते. शिवाय साधी वीट आपल्या वजनाच्या सु. १५ ते २० टक्के पाणी शोषते व चाकांखाली झिजते. म्हणून फरसबंदीस भट्टीच्या आतील भागातील पूर्ण भाजलेली वीटच निवडावी लागते. वितळून वेडीवाकडी झालेली खंगर वीट कठीण असली, तरी ती सपाट बसत नाही; ती फोडून पायात घालणेच इष्ट.

काळ्या जमिनीवर काम टिकण्याचे रहस्य विटेपेक्षा पायात आहे. काळा थर काढून त्या जागी मुरूम पसरतात, पाणी मारून धुमसाने ठोकतात आणि त्यावर ३ ते ५ सेंमी. वाळूचा थर देतात. कडेला घट्ट बांध घालून विटा कोरड्याच बसवितात व सांधे बारीक वाळूने भरतात. घरापासून बाहेरच्या बाजूस सु. ५० स एक असा उतार पुरतो. वाहनमार्गासाठी मत्स्यकंटकाकृती रचना श्रेष्ठ. कारण तीत चाकाच्या रेट्याला सरळ सांध्याची रेषा मिळत नाही. अशी फरसबंदी खचलीच, तर तेवढ्याच विटा उपसून पुन्हा बसविता येतात. सिमेंटच्या अखंड कोब्याची दुरुस्ती इतकी सोपी नसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिस्थिती पालटली. वरणगावला १९६४ मध्ये आयुध निर्माणी सुरू झाली आणि भुसावळ–वरणगाव मार्गावर दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. कोळशाच्या राखेचे ढीग ही तेथील मोठी अडचण होती. केंद्र शासनाच्या १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने अशा केंद्रांपासून ५० किमी. परिसरातील मातीच्या विटांत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले; २००३ मध्ये हे अंतर १०० किमी. करण्यात आले. सुपीक मातीचा वरचा थर भट्ट्यांत जाऊ नये, हा त्यामागील एक हेतू होय. राखेच्या विटा व राखमिश्रित ठोकळे यांमुळे, मातीने नाकारलेली फरसबंदी खानदेशी अंगणास सुलभ झाली. ठोकळ्यांचे भारतीय मानक (क्र. १५६५८) २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याबरोबरच एक नवी हानीही आली. पुष्कळ ठिकाणी ठोकळे काँक्रीटच्या थरावर बसवून सांधे सिमेंटने लिंपले जातात. त्यामुळे पावसाचे पाणी न मुरता गटारात जाते आणि उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या वर चढणाऱ्या या प्रदेशात अंगण रात्रीही तापलेले राहते. तापीपलीकडील रावेर व यावल हे केळीचे तालुके भूजलाच्या मूल्यांकनांत अतिशोषित ठरले आहेत. अशा खोऱ्यात वाळूच्या सांध्यांची जुनी कोरडी रचनाच अधिक उपयुक्त आहे. मात्र घराच्या पायालगतच्या पट्ट्यात पाणी मुरू देणे धोक्याचे असते, कारण तेथील काळी माती फुगून भिंतींना तडे जातात. तेवढा पट्टा लिंपून बाकीचे अंगण मोकळ्या सांध्यांचे ठेवतात.