एक दाणाही नको!

मार्च १९९१. टोकियोजवळ माकुहारी इथे खाद्यपदार्थांचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. अमेरिकन स्टॉलवर थोडासा तांदूळ मांडून ठेवलेला. विकायला नाही हं, नुसता बघायला! जपानी अधिकाऱ्यांनी बजावलं, हा उचला, नाहीतर अटक करू. शेवटी तो उचलावा लागला.

मूठभर तांदळापायी अटक? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. पण मागचा इतिहास वाचत गेलो तसं ते ओसरलं.

जपानचा अन्ननियंत्रण कायदा १९४२ चा, म्हणजे युद्धकाळातला. युद्धानंतरची उपासमार सोसलेल्या पिढीला आपला भात आपणच पिकवायचा हे मनोमन पटलेलं होतं. सरकार शेतकऱ्याकडून चढ्या भावाने तांदूळ घ्यायचं आणि बाहेरच्या तांदळाला दार जवळपास बंद. परदेशी तांदळाचा एक दाणाही नको, ही तर राजकारण्यांची घोषणाच होती. खेड्यातली मतं हवीत ना!

गंमत अशी की दरम्यान लोक भातच कमी खायला लागले. १९६२ साली माणशी वर्षाला ११८ किलो, तर १९९० मध्ये ७० किलो. भाव चांगला म्हणून शेतकरी मात्र पिकवतच राहिले. कोठारं ओसंडू लागली तेव्हा १९७० च्या सुमारास सरकारने उलटाच उपाय काढला: भात कमी लावा, पैसे आम्ही देतो. म्हणजे ग्राहक दोनदा पैसे मोजणार, एकदा दुकानात आणि एकदा करातून. आणि शेतकऱ्याला तरी काय मिळालं? जमिनीचा लहानसा तुकडा, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारची शेती, आणि शेताकडे न फिरकणारी पुढची पिढी.

मग आलं १९९३. त्या वर्षी तिथे उन्हाळा असा झालाच नाही. फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचा १९९१ चा उद्रेक हे त्याचं एक कारण मानतात. देशाचं पीक नेहमीच्या ७४ टक्क्यांवर आलं, उत्तरेकडच्या आओमोरीत तर अवघ्या २८ टक्क्यांवर. साठा जेमतेम. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच सर्व्हर आणि बॅकअप नाही!

'एक दाणाही नको' म्हणणाऱ्या देशाने थायलंड, चीन, अमेरिका वगैरे ठिकाणांहून सुमारे २५ लाख टन तांदूळ आणला. १९९४ च्या सुरुवातीला दुकानांसमोर रांगा लागल्या. जपानी तांदूळ हवा तर सोबत परदेशीही घ्या, अशीही विक्री झाली. थाई तांदूळ लांब आणि मोकळा, यांना हवा चिकट. इंद्रायणीवर वाढलेल्या माणसाला रोज बासमती वाढा, तोंड वाकडं होणारच. त्यात दोन्ही मिसळून विकले. एकाला पाणी जास्त लागतं, दुसऱ्याला कमी, मग भात धड होणार कसा? थाई तांदूळ वाईट नव्हता हो, तो शिजवायची सवयच कुणाला नव्हती.

मला सलतं ते वेगळंच. जपानच्या या अचानक खरेदीने जागतिक बाजारात तांदूळ कडाडला. दरवर्षी आयातीवरच पोट भरणाऱ्या गरीब देशांना तो महाग पडला, आणि इकडे जपानमध्ये थाई तांदूळ ढिगांनी पडून राहिला.

डिसेंबर १९९३ मध्ये पंतप्रधान होसोकावांनी थोडी आयात मान्य केली. १९९९ पासून बंदीच्या जागी भारी जकात आली. प्रश्न मात्र मिटला नाही. २०२५ च्या वसंतात तिथे तांदळाचे भाव वर्षभरात दुप्पट झाले होते, सरकारला राखीव साठा बाजारात आणावा लागला. आपण तांदूळ कधी विकत घेतलाच नाही, समर्थकच देतात, असं बोलून बसलेल्या कृषिमंत्र्यांना मे २०२५ मध्ये राजीनामा द्यावा लागला.

आयातबंदी सरसकट चूक, असं मी म्हणणार नाही. भूक बघितलेल्या माणसाला उपदेश करणारे आपण कोण? पण आपल्याकडे डाळ, तेल, साखर यांच्यावर काही बंदी आली की टीव्हीवरच्या चर्चेत हरवलेले दोन प्रश्न मी आता स्वतःला विचारतो. वाढलेल्या भावातलं शेतकऱ्याच्या हातात किती राहणार? आणि पीक बुडालं तर कोठारात काय आहे?

असो. कुकरची तिसरी शिट्टी झाली. आज इंद्रायणीच आहे!