डेक्कन क्वीन नसलेला घाट

गेल्या वर्षी आत्या आमच्याकडे चार दिवस राहायला आली, तेव्हा तिला मागच्या खोलीतला घाट दाखवला. 12 फूट लांब, अडीच फूट रुंद. प्लायवूडच्या चौकटीवर जाळी, जाळीवर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या पट्ट्या, त्यावर कोरून रंगवलेला कातळ, आणि कड्याच्या टोकाशी जाऊन थांबणारे रूळ. बोरघाटातलं खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन, साल 1928.

आत्यानं चष्मा पुसून सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, ‘‘अरे, डेक्कन क्वीन कुठाय?’’

‘‘नाही येणार ती इथे.’’

‘‘असं कसं? नाना नेहमी सांगायचे. डेक्कन क्वीन रिव्हर्सिंगला थांबली की पुढचं इंजिन काढून मागे लावायचे. तेवढ्यात ते खाली उतरून करवंदं घ्यायचे.’’

नाना म्हणजे माझे आजोबा. ही गोष्ट मीही लहानपणी कितीदा ऐकली होती. पण रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं 1929 साली, आणि डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली 1 जून 1930 रोजी. ती गाडी त्या स्टेशनात कधी थांबणंच शक्य नव्हतं. मी हे सांगितल्यावर आत्या क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे नाना खोटं सांगत होते म्हण की.’’

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला वर्ष लागलं. ते उत्तर छोट्या आगगाड्यांच्या इतिहासातून मिळालं, म्हणून थोडं लांबून सुरुवात करतो.

दिवाळीत आपण सगळ्यांनीच किल्ले केले आहेत. सिंहासनावरचे महाराज बुरुजाएवढे, अळिवाचं जंगल तटाहून उंच आणि पायथ्याशी प्लास्टिकचा रणगाडा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, वाटूही नये. किल्ला हा खेळ आहे आणि आदरही. मात्र ज्या दिवशी एखादा मुलगा तो रणगाडा उचलून बाजूला ठेवतो आणि विचारतो, ‘‘तेव्हा इथे काय होतं?’’ त्या दिवशी खेळाचा इतिहास होऊ लागतो. छोट्या रेल्वेच्या बाबतीतही हेच झालं.

1922 च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीनं टेबलावर मावणारी आगगाडी काढली. इंग्लंडमध्ये ती विकली बॅसेट-लोक यांनी, आणि तिच्यामागे हेन्री ग्रीनली या अभियंत्याचं डोकं होतं. दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. एका फुटाला साडेतीन मिलिमीटर या प्रमाणात हे अंतर बरोबर बसतं. पण विलायतेतली खरी इंजिनं युरोपातल्या इंजिनांहून अंगानं लहान, आणि त्या काळच्या मोटारी मोठ्या. इंजिनाच्या पोटात मोटार मावेना. मग तोड निघाली : रूळ तेच ठेवायचे आणि गाडी मात्र फुटाला 4 मिलिमीटर या प्रमाणात करायची. त्यामुळे 4 फूट साडेआठ इंचांचा खरा मार्ग टेबलावर जेमतेम 4 फूट दीड इंचांचा झाला. आजही विलायतेत सर्वाधिक चालणारं प्रमाण हेच आहे. दुकानातली सोय म्हणून केलेली चूक शंभर वर्षं टिकली. पुढे काही हट्टी लोकांनी 18.83 मिलिमीटर हे अचूक अंतर धरून सगळी चाकं आणि सांधे नव्यानं बनवले, पण ते थोडेच.

आपल्याकडे तर फरक आणखी मोठा. आपला ब्रॉडगेज 5 फूट 6 इंच. फुटाला 4 मिलिमीटर धरले तर बरोबर 22 मिलिमीटर. विकतच्या रुळांवर आपलं इंजिन ठेवलं की ते आखूड पायांवर उभं राहिल्यासारखं दिसतं. म्हणून माझ्या घाटातला प्रत्येक स्लीपर मी लाकडाच्या पट्टीतून कापला आणि रूळ हातानं बसवले. तीन महिन्यांत 9 फूट मार्ग झाला.

माप सुधारलं तरी चित्र खरं होत नाही, हे दाखवून दिलं दोन माणसांनी. पहिला जॉन अहर्न. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं ‘मॅडर व्हॅली’ नावाची रेल्वे उभारायला घेतली. तोवर टेबलावरची रेल्वे म्हणजे रूळ, गाड्या आणि शोभेपुरती दोन झाडं. अहर्ननं दरी, बंदर, गावं आणि गल्ल्या केल्या. गाडी त्या प्रदेशातून जाते, प्रदेश गाडीसाठी नाही, असं वाटायला लावलं. मॅडरची दरी मात्र नकाशावर कुठेच नाही. त्यातल्या अनेक इमारती खऱ्या, त्याही वेगवेगळ्या ठिकाणच्या, आणि दरी त्याच्या मनातली.

दुसरा रॉय इंग्लंड. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा; 1925 मध्ये विलायतेत आला आणि ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या भागातल्या खेड्यांच्या प्रेमात पडला. त्याच्या डोळ्यांदेखत ही खेडी बदलू लागली. गवती छपरं उतरू लागली, त्यांच्या जागी कारखान्यातलं छप्पर आलं. आपण हे थांबवू शकत नाही, पण नोंदवू शकतो, असं त्यानं ठरवलं. घरं मोजायची, फोटो काढायचे, विटेचा रंग टिपून घ्यायचा आणि मग पुठ्ठ्याच्या भिंतीवर एकेक वीट कोरून जलरंगानं रंगवायची. छपरासाठी नळजोडणीला वापरतात ते तागासारखे धागे. 1954 मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम गावात त्यानं एक जुनी इमारत घेतली, आणि तिथून पेंडन संग्रहालय उभं राहिलं. अहर्नची मॅडर व्हॅलीही आज तिथेच जपलेली आहे.

पेंडनची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट त्या विटा नाहीत. तिथलं ‘पेंडन पार्वा’ हे खेडं काल्पनिक आहे. घर एका गावातलं, शेजारचं घर दुसऱ्या गावातलं. प्रत्येक वस्तू खरी, मांडणी रचलेली. आणि ही गोष्ट ते लपवत नाहीत. इतिहासकारही याहून वेगळं काय करतो? कागद खरे असतात, शिलालेख खरे असतात. त्यांना एका ओळीत आणून बसवणारा हात मात्र त्याचा असतो. प्रामाणिकपणा इतकाच, की हा हात दिसला पाहिजे.

याच सुमारास पीटर डेनी या पाद्र्यानं आपल्या बकिंगहॅम रेल्वेसाठी 1907 हे साल ठरवलं आणि तिथल्या गाड्या वेळापत्रकानुसार चालवल्या. दुसऱ्या टोकाचं स्टेशन त्याचा मुलगा सांभाळत असे. पुढे मुलाची जागा घेणारं एक स्वयंचलित यंत्र त्यानं तयार केलं आणि त्याला मुलाचंच नाव दिलं. तिकडे कॅलिफोर्नियात जॉन अ‍ॅलननं जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभारले. जानेवारी 1973 मध्ये तो वारला आणि दहाच दिवसांनी लागलेल्या आगीत त्याच्या रेल्वेचा बहुतेक भाग जळून गेला. उरली ती त्यानं स्वतः काढलेली छायाचित्रं. भूतकाळ जपण्यासाठी केलेली वस्तूही भूतकाळात जमा होते, हे त्यातून कळतं.

आपल्याकडे अशा वेडाचं पुण्यातलं ठिकाण म्हणजे भाऊ जोशींनी कोथरूडमध्ये उभं केलेलं लघुरेल्वे संग्रहालय. ते 1 एप्रिल 1998 रोजी सुरू झालं. तिथल्या शहरात नाना तऱ्हेच्या गाड्या एकाच वेळी धावतात. मुलांचे डोळे विस्फारतात ते त्या वैविध्यानं. माझीही सुरुवात तिथूनच झाली. पण मला एकच जागा हवी होती, एकाच सालातली.

आता घाटाचं गणित. कर्जतकडून खंडाळ्याकडे चढणारा हा मार्ग पावणेसोळा मैलांचा, चढाई 1831 फुटांची, सर्वांत तीव्र चढ 37 फुटांना 1 फूट. फुटाला 4 मिलिमीटर या प्रमाणातही हा घाट पुरा करायचा तर खोली हजार फुटांहून लांब आणि 24 फूट उंच लागेल. माझ्या 12 फुटांत 37 ला 1 या चढानं जेमतेम 4 इंच वर जाता येतं. म्हणजे काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं हाच खरा प्रश्न. पूल सोडले, बोगद्यांपैकी एकाचं तोंड ठेवलं. उरलं रिव्हर्सिंग स्टेशन, कारण घाटाची सगळी अडचण तिथे एकवटली होती. सरळ चढायला जागा नाही, वळायला जागा नाही. म्हणून गाडी कड्यावरच्या पट्टीवर जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जाऊन लागे आणि गाडी उलट दिशेनं वर निघे.

ही पट्टी कोरताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली. 1928 साल धरलं की 1856 ते 1863 या काळात घाट फोडणारी माणसं चित्रातून बाहेर जातात. 1861 च्या सुमारास एका वेळी 40 हजारांहून अधिक मजूर इथे राबत होते. पटकीनं आणि तापानं त्यांच्यातले कितीतरी मेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं ते कंत्राट पुढे नेलं. तिचं नाव तरी राहिलं. मजुरांची नावं नाहीत. मग कातळ कोरताना मी गुळगुळीत उतार केला नाही. सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या खुणा राहू दिल्या. माझ्या घाटात त्यांची तेवढीच सही आहे.

आणि नाना? त्यांचा जन्म 1918 चा. रिव्हर्सिंग बंद झालं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. त्यांनी ते पाहिलं असणार, पण दुसऱ्या कुठल्या तरी गाडीतून. पुढे आयुष्यभर पुणे–मुंबई प्रवास म्हणजे डेक्कन क्वीन असं समीकरण झालं आणि लहानपणच्या त्या गाडीला हे नाव चिकटलं. साक्षीदार एका तपशिलात चुकला म्हणून सगळी साक्ष फेकून द्यायची नसते. गाडीचं नाव चुकलं. करवंदं चुकण्याचं कारण नाही. करवंदं पिकतात वैशाखात.

खंडाळा म्हटलं की सगळ्यांना हिरवा डोंगर आणि धबधबे हवे असतात. मीही सुरुवातीला हिरवा रंगच आणला होता. तो कपाटात ठेवला. यंदा आत्या आली तेव्हा घाट तपकिरी झाला होता : वाळलेलं गवत, कोरडे ओहोळ, तापलेला कातळ, रुळांपलीकडे करवंदाच्या जाळ्या. एका साध्या मेल गाडीच्या डब्यापाशी 16 मिलिमीटर उंचीचा एक मुलगा हातात पानाचा द्रोण घेऊन उभा.

आत्या बराच वेळ वाकून पाहत होती.

‘‘हे सगळं इतकं वाळलेलं का रे?’’

‘‘नानांनी सांगितलंय म्हणून,’’ मी म्हटलं.