स्त्रियांमधील परिघीय धमनीविकार : जोखमीच्या अनुमानाचा इतिहास आणि नागपूरचा संदर्भ

प्रस्तावना

पायांकडे रक्त नेणाऱ्या धमन्या मेदसंचयामुळे अरुंद होणे, यास परिघीय धमनीविकार असे म्हणतात. चालताना पोटरीत कळ येणे व थांबताच ती शमणे हे त्याचे ठरलेले लक्षण मानले जाते. दुर्लक्ष झाल्यास जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येते. हा विकार कोणास होईल याचे अनुमान करण्याच्या पद्धती कशा घडल्या आणि त्यांत स्त्रीला कोणते स्थान मिळाले, याचा आढावा घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पुरुषकेंद्रित आरंभ

1831 मध्ये बुले या फ्रेंच पशुवैद्याने हे लक्षण घोड्यात नोंदविले. 1858 मध्ये शार्को यांनी ते मनुष्यात वर्णिले. त्यांचा रुग्ण एक सैनिक होता. 1908 मध्ये लिओ ब्यूर्गर यांनी तरुणांच्या धमन्या बंद पाडणाऱ्या एका वेगळ्या आजाराचे वर्णन केले. भारतात तो मुख्यतः विडी ओढणाऱ्या पुरुषांत आढळला. परिणामी ‘पायाच्या धमन्यांचा रोगी म्हणजे धूम्रपान करणारा पुरुष’ ही प्रतिमा रूढ झाली. 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोझ प्रश्नावलीनेही पोटरीतील ठराविक वेदनेलाच निकष मानले. अनेक स्त्रियांत मात्र ही वेदना ठराविक स्वरूपात नसते. गुडघेदुखीमुळे चालणेच कमी झालेल्या स्त्रीला ती जाणवतही नाही.

अनुमानाची साधने

1948 मध्ये सुरू झालेल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासातील 5,209 व्यक्तींपैकी 2,873 स्त्रिया होत्या. त्याआधारे 1997 मध्ये वय, लिंग, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कोलेस्टेरॉल व हृदयविकार यांवरून या लक्षणाची शक्यता वर्तविणारे कोष्टक तयार झाले. पुढे अमेरिकेतील स्त्री आरोग्यसेविकांच्या दीर्घ पाहणीतून 2008 मध्ये रक्तातील दाहनिदर्शक घटकांचा, तर 2011 मध्ये धूम्रपानाचा या विकाराशी असलेला संबंध स्पष्ट झाला. धूम्रपान सोडल्याने जोखीम घटते, परंतु पूर्णपणे नाहीशी होत नाही, असे त्यात दिसून आले. घोटा व दंड यांतील रक्तदाबाचे गुणोत्तर 0.90 किंवा त्याहून कमी असणे हा निदानाचा सोपा निकष होय. तथापि दीर्घकालीन मधुमेहात धमन्या कठीण होऊन हे गुणोत्तर फसवे ठरू शकते. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातील दाब मोजावा लागतो.

नागपूरचा संदर्भ

ब्रिटिश काळातील नागपुरात पुरुषांसाठी मेयो व स्त्रियांसाठी डफरिन अशी स्वतंत्र रुग्णालये होती. 1885 मध्ये स्थापन झालेल्या डफरिन निधीचा भर स्त्री-डॉक्टर, परिचारिका व सुईणी यांच्या प्रशिक्षणावर आणि प्रसूतिसेवेवर होता. बाळंतपणातील मृत्यूंचे प्रमाण पाहता तो भर योग्यच होता. मात्र ‘स्त्री-आरोग्य म्हणजे मातृत्व’ ही चौकट त्यातून दृढ झाली आणि बाळंतपणाचे वय उलटलेली स्त्री त्या चौकटीबाहेर राहिली. 1947 मध्ये नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर उपचारांची कक्षा विस्तारली. परंतु ‘पाय दुखतात’ ही तक्रार आजही घरात वय किंवा वात यांच्या खात्यावर टाकली जाते.

दुसरा प्रश्न तंबाखूचा आहे. पाश्चात्त्य कोष्टके ‘धूम्रपान करता काय?’ असे विचारतात. विदर्भातील स्त्री त्यास प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देईल. पण ती खर्रा खात असेल, गुडाखू किंवा मिश्री लावत असेल. धूरविरहित तंबाखूचा परिणाम धूम्रपानाइतकाच असतो असे मानता येणार नाही, तथापि तो विचारलाच न जाणे ही अनुमानातील त्रुटी होय.

निष्कर्ष

जोखमीचे कोष्टक ज्या लोकसमूहातून घडते, त्याच्याच सवयी व तक्रारी त्यात उतरतात. म्हणून परकीय कोष्टक जसेच्या तसे न स्वीकारता, मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढ स्त्रीच्या तपासणीत तिच्या भाषेत तंबाखूविषयी विचारणे, पायांची नाडी पाहणे व घोट्याचा रक्तदाब मोजणे यांचा समावेश व्हावा. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. लागते ती स्त्रीच्या पायदुखीकडे गांभीर्याने पाहण्याची दृष्टी.