एरंडेलाचा वास आणि थांबलेला पंखा

इंग्लंडमधील बेडफर्डशायर परगण्यात ओल्ड वॉर्डन नावाचे एक लहान खेडे आहे. तिथल्या विमानतळाची धावपट्टी हिरवळीची आहे. उन्हाळ्यात तिथे जुन्या विमानांची प्रात्यक्षिके होतात. दिवसभर एकेक विमान उडून जाते. संध्याकाळ झाली, की प्रेक्षकांच्या नजरा विमानांवरून निघून खांबावरच्या कापडी पिशवीकडे वळतात. वारा असला की ही पिशवी फुगते, नसला की लोंबते. ती पुरती लोंबली, तरच कार्यक्रमातले सर्वांत जुने विमान बाहेर काढायचे, असा तिथला शिरस्ता आहे.

ते विमान म्हणजे १९०९ सालचे ब्लेरिओ-११. लुई ब्लेरिओ या फ्रेंच माणसाने २५ जुलै १९०९ रोजी याच जातीच्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. त्या उड्डाणाला ३७ मिनिटांच्या आसपास वेळ लागला. ओल्ड वॉर्डनचे विमान हे या मालिकेतले कारखान्यातून बाहेर पडलेले चौदावे विमान. १९१२ साली ते अपघातात मोडले, पुढे अडगळीत पडले आणि १९३५ साली रिचर्ड शटलवर्थ या तरुणाच्या हाती आले. शेतीसाठी वाफेची यंत्रे बनवणाऱ्या घराण्यातला हा मुलगा जुन्या मोटारी आणि विमाने गोळा करून ती पुन्हा चालती करत असे. १९४० साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो हवाई दलाच्या प्रशिक्षणात विमान कोसळून मरण पावला. त्याच्या आईने त्याच्या नावाने संस्था उभारली आणि त्याचा संग्रह जपला. आज ते ब्लेरिओ जगातले उडू शकणारे सर्वांत जुने विमान मानले जाते.

वाऱ्याची एवढी भीती का?

या विमानाचे इंजिन २५ अश्वशक्तीचे, म्हणजे आजच्या बऱ्याच मोटारसायकलींपेक्षा कमी ताकदीचे. विमानाचा वेग ताशी ६० ते ७० किलोमीटर. ताशी २० किलोमीटरची झुळूक आपल्याला उन्हाळ्यात हवीहवीशी वाटते. या विमानाच्या दृष्टीने मात्र ती स्वतःच्या वेगाच्या जवळजवळ एक-तृतीयांश होते. शिवाय आजच्या विमानांच्या पंखांना मागच्या कडेला हलणाऱ्या फळ्या असतात, त्या याला नाहीत. विमान एका बाजूला कलले तर तारा ओढून अख्खा पंखच पिळायचा, हीच त्या काळची युक्ती. पिळाचा परिणाम हळू होतो, वाऱ्याचा झोत मात्र वाट पाहत नाही. म्हणून हे विमान आज धावपट्टीवरून थोडेसे उचलते, सरळ रेषेत जाते आणि उतरते. वळण नाही, कसरत नाही. पण ही लहानशी उडी पाहताना खाडी ओलांडणे म्हणजे काय धाडस होते, हे एका क्षणात उमगते. पाठ्यपुस्तकातल्या ‘१९०९ : इंग्लिश खाडी पार’ या ओळीतून ते उमगत नाही.

उडते विमान कानाला आणि नाकालाही इतिहास सांगते. त्याच संग्रहात ‘ॲव्ह्रो ५०४-के’ हे पहिल्या महायुद्धाच्या काळातले शिकाऊ वैमानिकांचे विमान आहे. त्याच्या इंजिनाची रचना आपल्याला उलटीच वाटेल. त्यात मधला दांडा स्थिर असतो आणि पंख्याबरोबर सगळे सिलिंडर गरगर फिरतात. फिरल्यामुळे त्यांना हवा लागते आणि पाण्याशिवाय ते थंड राहतात. पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पोटातूनच सिलिंडरकडे जात असल्यामुळे साधे वंगण त्यात विरघळून पातळ होई. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून एरंडेलच वापरायचे. ते परत टाकीत येत नाही; जळालेल्या धुराबरोबर बाहेर फेकले जाते. त्यामुळे असे विमान डोक्यावरून गेले, की मागे एरंडेलाचा वास राहतो. आपल्या आजीच्या औषधाच्या बाटलीचा आणि पहिल्या महायुद्धाच्या आकाशाचा वास एकच होता, हे वर्गात सांगून पाहा; विद्यार्थी हे इंजिन विसरणार नाहीत.

छायाचित्र खरे बोलते का?

अशा प्रात्यक्षिकांना कॅमेरे घेऊन येणारे पुष्कळ असतात. नवख्याची पहिली चूक ठरलेली. विमान वेगवान आहे, तेव्हा कॅमेऱ्याची झडपही जितकी जलद तितके चांगले, असे त्याला वाटते. चित्र सुरेख, रेखीव येते. पण पंखा थांबलेला दिसतो. विमान दोऱ्याने टांगलेल्या खेळण्यासारखे भासते.

हिशेब करून पाहू. समजा, पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २० फेरे, म्हणजेच सेकंदाला ७२०० अंश. झडप १/२००० सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्या वेळात पाते फक्त ३.६ अंश फिरते. डोळ्याला ते थांबलेलेच दिसणार. झडप १/१०० सेकंद उघडी ठेवली, तर पाते ७२ अंश फिरते आणि चित्रात पंख्याचे विरळ, पारदर्शक वर्तुळ उमटू लागते. विमान जिवंत वाटते.

पण आता दुसरी अडचण येते. ताशी ६० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. १/१०० सेकंदात १७ सेंटिमीटर. कॅमेरा स्थिर धरला तर पंख्याबरोबर विमानही पुसट येईल. उपाय एकच, विमानाबरोबर कॅमेराही त्याच गतीने वळवत राहायचे आणि वळता वळता कळ दाबायची. मग कॅमेऱ्याच्या दृष्टीने विमान स्थिर होते आणि मागची झाडे पळू लागतात. सापेक्ष गतीचा पाठ शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मोबाइलवर काढलेल्या चित्रांत तर पंख्याची पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसतात. मोबाइलचा कॅमेरा सहसा सगळे चित्र एका क्षणी टिपत नाही, एकेक ओळ क्रमाने वाचतो. पहिली ओळ वाचली तेव्हा पाते एका जागी असते, शेवटची वाचेपर्यंत ते पुढे सरकलेले असते. गंमत म्हणजे ही चूक नवी नाही. जुन्या काही कॅमेऱ्यांत झडपेऐवजी एक सरकती फट असे. पहिल्या महायुद्धापूर्वी झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने शर्यतीच्या मोटारीचे जे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, त्यात चाक तिरके आणि लंबगोल दिसते, ते याच कारणाने.

छायाचित्र हे इतिहासाचे साधन आहे, पण साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. जुन्या चित्रात पंखा स्थिर दिसला म्हणून इंजिन बंद पडले होते, असे म्हणता येत नाही. चाक लंबगोल दिसले म्हणून ते तसे बनवले होते, असेही नाही. चित्र कशाने घेतले, हे विचारल्याशिवाय चित्रात काय आहे हे ठरवू नये.

अलाहाबादचा धागा

ओल्ड वॉर्डनच्या संग्रहात ‘ग्रोव्हनर हाउस’ नावाचे एक तांबडे विमान आहे. डी हॅविलंड कंपनीच्या ‘कॉमेट’ जातीचे हे विमान १९३४ साली इंग्लंड ते मेलबर्न शर्यत सुमारे ७१ तासांत जिंकले. १९८७ साली ते पुन्हा उडाले. या शर्यतीत जे मुक्काम सक्तीचे होते, त्यांतला एक अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज. याच शहरातून १८ फेब्रुवारी १९११ रोजी, तिथल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने, आंरी पेके या वैमानिकाने टपालाची थैली विमानाने नैनीला नेली होती.

शर्यतीत दुसरे आले ते डच कंपनीचे डीसी-२ हे प्रवासी विमान. त्याचाच पुढचा अवतार डीसी-३, म्हणजेच डाकोटा. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैनिकांना श्रीनगरला उतरवणारी विमाने हीच. त्यांतील पहिल्या विमानाचा क्रमांक व्हीपी ९०५. दुरुस्त केलेला एक डाकोटा २०१८ साली हिंडन तळावर हवाई दलात आला. त्यावर तोच क्रमांक लिहिला आहे आणि त्याचे नाव आहे ‘परशुराम’.

मुंबईशीही एक धागा जुळतो. जे. आर. डी. टाटा लहानपणी सुटीत फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्दलो येथे राहत, आणि तिथे त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरिओ. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. बरोबर ५० वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तेच उड्डाण जुन्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून पुन्हा केले.

उडवावे की ठेवावे?

या आनंदाला दुसरी बाजू आहे. १९९६ साली मँचेस्टरजवळ ‘मॉस्किटो’ जातीचे तेव्हाचे एकमेव उडते विमान प्रात्यक्षिकात कोसळले. दोघे गेले, आणि त्यानंतर २०१२ पर्यंत जगात कुठेही मॉस्किटो उडाले नाही. २०१५ साली शोरम येथे एक जुने जेट विमान कसरत करताना विमानतळाबाहेरच्या रस्त्यावर पडले आणि ११ माणसे मरण पावली. २०२२ साली अमेरिकेत डॅलस येथे दुसऱ्या महायुद्धातली दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली, सहा जण गेले.

मग ही विमाने संग्रहालयात काचेआड का ठेवू नयेत? हा प्रश्न आम्हाला टाळण्यासारखा वाटत नाही. उडवले की विमान झिजते. कापड, तारा, लाकूड बदलावे लागते आणि मूळ वस्तू थोडी थोडी कमी होत जाते. उलट, न उडवल्यास दुसरेच काही नाहीसे होते. फिरत्या सिलिंडरचे इंजिन कसे सुरू करायचे, पंख पिळून विमान कसे सावरायचे, हे ज्ञान कागदावर पुरते उतरत नाही. ते हातात असते आणि हातातूनच हातात जाते. आमच्या मते, जे नमुने जगात एकुलते एक आहेत ते जमिनीवर राहावेत आणि ज्यांचे भाऊबंद शिल्लक आहेत ते जपून उडावेत. ब्लेरिओ-११ अमेरिकेत आणि इतरत्रही जपलेली आहेत. पण जपून म्हणजे लोकवस्तीपासून दूर, कसरतीचा मोह टाळून, आणि वारा पडला नाही तर विमान मुकाट्याने परत छपराखाली नेऊन.

वर्गात करून पाहण्यासाठी

आपल्याकडे ब्लेरिओ नाही, पण छताचा पंखा आहे. त्याच्या एका पात्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवा. पंखा मंद गतीवर ठेवून मोबाइलने चित्र काढा. चित्राच्या माहितीत झडपेचा वेळ दिलेला असतो. पट्टी किती अंशांत पुसट झाली ते कोनमापकाने मोजा. समजा १/६० सेकंदात ती ३० अंश फिरली, तर सेकंदाला १८०० अंश, म्हणजे पाच फेरे, म्हणजे मिनिटाला ३०० फेरे. मग तीच गती घड्याळ लावून आणि फेरे मोजून पडताळता येईल का, हे विद्यार्थ्यांना विचारा. मोजता येत नाहीत इतके ते जलद आहेत, असे ते सांगतील. कॅमेऱ्याची गरज का पडली, याचे उत्तर त्यांनीच दिलेले असेल.